जिंकलेला पैलवान पैसे का मागतोय?

आमच्या घरी शनिवार-रविवारचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. शनिवारी रात्री प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडचं फुटबॉल, मग कशीबशी पाच तास झोप, आणि रविवारी सकाळी चहाबरोबर यूएफसी, म्हणजे पिंजऱ्यातल्या ठोसे-लाथांच्या लढती, कारण अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. बायको म्हणते रात्री चेंडू आणि सकाळी रक्त, दुसरं काही दिसतं का तुम्हाला. नाही दिसत.

परवा भाचा राहायला आला होता, आठवीत आहे, तोही बसला बघायला. एका फायटरने समोरच्याला दुसऱ्या राउंडमध्ये झोपवला, याची स्वतःची भुवई फाटलेली, एक डोळा बंद, आणि माइक हातात आल्यावर गडी काय म्हणतो तर साहेब, आजचा बोनस मला द्या, घरी पोरं आहेत. भाचा माझ्याकडे बघायला लागला. "मामा, हा जिंकला ना? मग पैसे का मागतोय?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "काल रात्री फुटबॉलमध्ये तो एक जण बेंचवर बसून होता, शेवटची चार मिनिटं आला, त्याला किती मिळतात?"

आता खरं उत्तर असं की त्या बेंचवरच्याला आठवड्याला पन्नास-साठ हजार पाउंड मिळत असले तरी कुणाला आश्चर्य वाटणार नाही, म्हणजे आपले पन्नास लाखांच्या वर, खेळला तरी आणि नाही खेळला तरी. आणि भुवई फाटलेल्या नवख्या फायटरला बऱ्याचदा एका लढतीचे १२ हजार डॉलर, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. वर्षात लढती दोन, फार तर तीन.

पोराला चहा संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथे लिहितोय. सध्या विषयही चर्चेत आहे, कारण यूएफसीने पॅरामाउंट या अमेरिकन मीडिया कंपनीबरोबर २०२६ पासून सात वर्षांचा प्रक्षेपणाचा करार केलाय, ७.७ अब्ज डॉलरचा. आपल्या पैशात ६५ हजार कोटींच्या वर. मग एवढा पैसा येतोय तर तो पिंजऱ्यात उभं राहणाऱ्यापर्यंत का पोचत नाही?

आधी खेळ कुणाच्या मालकीचा ते बघू

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, बॉक्सिंग, कुस्ती, जुजुत्सू, लाथा-गुडघे सगळं एकत्र. हा झाला खेळ. यूएफसी ही तो खेळ भरवणारी कंपनी. आपल्याकडे लोक दोन्ही शब्द एकच समजून वापरतात, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे, कारण कुणी फुटबॉलला प्रीमियर लीग म्हणत नाही.

फुटबॉलमध्ये बघा कसं असतं. नियम करणारे वेगळे, लीग चालवणारे वेगळे, क्लबचे मालक वेगळे. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये २० क्लब, त्याच्याखाली आणखी लीगा, बाजूला स्पेन, इटली, जर्मनी, आता सौदी. एखादा पोरगा चांगला खेळतो म्हटल्यावर दहा जण बोली लावायला तयार. वर कोण आणि खाली कोण हे गुणतक्ता ठरवतो, कुणा साहेबाचा मूड नाही.

यूएफसीत लढत कोण भरवणार, कोण कुणाशी लढणार, विजेत्याच्या बेल्टसाठी कुणाचा नंबर लागणार, टीव्हीला कोण विकणार, पैसे किती देणार, सगळं एकाच दारात. क्रमवारी आहे, पण ती पाळायचं बंधन नाही. टॉम ॲस्पिनॉल नावाचा इंग्लिश हेवीवेट नोव्हेंबर २०२३ मध्ये हंगामी विजेता झाला, म्हणजे खरा विजेता जॉन जोन्स दुखापतीतून परत येईपर्यंतचा. जोन्स परतला, दुसऱ्याच कुणाशी लढला, आणि शेवटी जून २०२५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा कुठे ॲस्पिनॉलला खरा बेल्ट मिळाला. दीड वर्षाच्या वर वाट बघत बसला गडी. फुटबॉलमध्ये असं म्हणून बघा, की लीगमध्ये पहिला आलास खरा, पण गेल्या वर्षीच्या विजेत्याला तुझ्याशी खेळायची इच्छा नाही, थांब जरा.

आम्हा कोल्हापूरकरांना हे दोन्ही खेळ एकदम समजायला सोपे जातात, कारण आमच्याकडे फुटबॉलच्या टीमचं नावच तालीम असतं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. एकेकाळी लाल मातीत दंड काढणाऱ्यांच्या तालमी, आज शाहू स्टेडियमवर त्यांच्या टीमा उतरतात आणि पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. तर मी भाच्याला यात्रेतल्या कुस्तीचंच उदाहरण दिलं.

गावच्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान असतं. यात्रा कमिटी जोडी लावते, इनाम ठरवते, हलगी वाजते. या गावची कमिटी कंजूष निघाली तर पैलवान पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावाला जातो, तिथे इनाम जास्त. नाव झालेल्या मल्लाला चार गावांतून आवताण येतं, मग वस्ताद बसून ठरवतो कुठे जायचं. आता समजा, एका माणसाने आसपासच्या सगळ्या यात्रा विकत घेतल्या. मैदानं त्याची, हलगीवाले त्याचे, पंचक्रोशीत दुसरं मैदानच नाही. आणि वर पैलवानाकडून लिहून घेतलं की चार वर्षं दुसऱ्या कुणाच्या मातीत पाय ठेवायचा नाही. इनाम किती मिळेल? तो देईल तेवढं.

यूएफसीने नेमकं हेच केलं. अशाच लढती भरवणारी जपानची प्राइड ही कंपनी २००७ मध्ये घेतली, डब्ल्यूईसी आपल्यात मिसळून टाकली, २०११ मध्ये स्ट्राइकफोर्स विकत घेतली. स्पर्धक मोठा व्हायला लागला की घेऊन टाकायचा.

एकच कारखाना, एकच काटा

विकणारा एकच असला की त्याला मक्तेदारी म्हणतात हे सगळ्यांना माहीत असतं. उलटी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, विकत घेणारा एकच असला तर काय. अर्थशास्त्रात त्याला मोनोप्सोनी म्हणतात, हा शब्द एकदाच लिहितो, पुढे आपण एकच गिऱ्हाईक म्हणू.

ऊसवाल्यांना हे समजावायला लागत नाही. एक काळ झोनबंदी होती, आपल्या भागातल्या कारखान्यालाच ऊस घालायचा, शेजारचा कारखाना टनाला चार पैसे जास्त देतोय हे दिसत असून तिकडे गाडी न्यायची नाही. भाव तो देईल तो, तोड तो म्हणेल तेव्हा, वजन त्याच्या काट्यावर. ऊस गोड होता का, शेतकरी राबला का, याचा भावाशी संबंध तुटतो. भाव ठरतो तो एका गोष्टीवर, तुमच्या बांधावर दुसरी गाडी येऊ शकते का.

फायटरच्या बांधावर दुसरी गाडी येत नाही. पीएफएल नावाची कंपनी आहे, सिंगापूरची वन चॅम्पियनशिप आहे, पण जगाला माहीत असलेला बेल्ट, मोठा टीव्ही करार, नाव, सगळं एका ठिकाणी. त्यामुळे यूएफसीच्या कमाईतला फायटरांचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली राहिला, हे कोर्टातल्या कागदपत्रांतून बाहेर आलं. याउलट अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये खेळाडूंचा वाटा करारानेच ४८ टक्क्यांच्या घरात बांधलेला आहे, बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये निम्म्याच्या आसपास. आणि आपल्या फुटबॉलमध्ये तर प्रीमियर लीगचे बरेच क्लब उत्पन्नातले साठ-सत्तर टक्के पगारातच घालवतात आणि मग रडत बसतात.

बारा आणि बारा

नवीन फायटरच्या करारात साधारण असं असतं, पिंजऱ्यात उभं राहायचे १२ हजार आणि जिंकलास तर वर आणखी १२ हजार. दुसरे १२ जिंकल्याशिवाय नाहीत. आणि जिंकणं म्हणजे दर वेळी समोरच्याला झोपवणं नव्हे, बऱ्याच लढती शेवटी तीन पंचांच्या कागदावर जातात. आपली पूजा तोमर जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, ती तीनपैकी दोन पंचांच्या कौलावर, तिसऱ्याने समोरचीला दिली होती. अशा लढतीत एका पंचाचं पेन इकडचं तिकडे झालं की फायटरचे निम्मे पैसे गेले. फुटबॉलमध्ये मॅच हरली म्हणून कुणी पगार अर्धा करत नाही, बोनस जाईल फार तर.

बरं हे १२ हजार हातात येतात का? कोचचा वाटा, मॅनेजरचा वाटा, दोन-तीन महिन्यांचा कॅम्प, त्यात सरावाला जोडीदार, आहार सांगणारा, वजन उतरवायला मदत करणारा, मग टॅक्स. आपल्या पैलवानाचा खुराक जसा घरची म्हैस आणि बापाची जमीन खातो तसंच ते. वजन भरलं नाही, अर्धा किलो जास्त निघालं, तर मानधनातले वीस-तीस टक्के कापून समोरच्याला. म्हणून मग तो रात्रीचा बोनस, जो बरीच वर्षं ५० हजार डॉलरचा होता, तो त्या रात्री लढलेल्यांपैकी चार जणांना मिळायचा, आणि बाकीचे वीस-बावीस जण माइकवर हात जोडायचे. भाच्याला दिसलं ते हेच.

आणि लढतीच्या तीन आठवडे आधी सरावात गुडघा गेला तर? लढत रद्द, पैसे नाहीत. उपचाराचा विमा आहे, २०११ पासून सरावातल्या दुखापतीही त्यात येतात, हे मान्य करायला पाहिजे. पण बुडालेली कमाई कोण देणार. फुटबॉलवाल्याचा गुडघा गेला तर तो नऊ महिने पगार घेत पोहण्याच्या तलावात व्यायाम करतो आणि इन्स्टावर फोटो टाकतो.

फुटबॉलवालेपण असेच बांधलेले होते

इथे बरेच लोक म्हणतात फुटबॉल सांघिक खेळ आहे, त्याची गोष्टच वेगळी. नाही हो. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी इंग्लंडमधला फुटबॉलपटू आजच्या फायटरपेक्षा जास्त जखडलेला होता, आणि हे वाचल्यापासूनच माझं या विषयावरचं मत पक्कं झालं.

१९६१ पर्यंत तिथे पगारावर कमाल मर्यादा होती. हंगामात आठवड्याला २० पाउंड, उन्हाळ्यात १७. तुम्ही कितीही भारी खेळा, स्टेडियम ओसंडून वाहू दे, वीसच. खेळाडूंच्या संघटनेच्या जिमी हिल या माणसाने संपाची तयारी केली. त्या वेळच्या सभेतली एक गोष्ट सांगतात. एक तरुण खेळाडू उठून म्हणाला, माझे वडील कोळशाच्या खाणीत राबतात, आपण त्यांच्यापेक्षा बरे, मग तक्रार कशाला. तेव्हा बोल्टनचा बचावपटू टॉमी बँक्स उठला आणि म्हणाला की तुझ्या वडिलांचं काम मी उद्या करायला तयार आहे, पण त्यांना विचार, शनिवारी ३० हजार लोकांसमोर स्टॅनली मॅथ्यूजला, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या फॉरवर्डला, अडवणार का. सभा तिथेच फिरली म्हणतात. जानेवारी १९६१ मध्ये मर्यादा उठली आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पाउंडवर गेला.

पण पगार सुटला तरी पाय बांधलेलेच होते. करार संपला तरी क्लब खेळाडूला आपल्या यादीत ठेवून घेऊ शकायचा, ना खेळवायचं ना सोडायचं. जॉर्ज ईस्टहॅमला न्यूकॅसल सोडायचं होतं, क्लब सोडेना, तर हा इंग्लंडच्या दर्जाचा खेळाडू काही महिने चक्क बुचं विकायच्या धंद्यात नोकरी करत होता. शेवटी आर्सेनलला गेला, पण खटला सोडला नाही, आणि १९६३ मध्ये कोर्टाने सांगितलं की ही पद्धत माणसाच्या काम करण्याच्या हक्कावर अवाजवी बंधन आहे.

तरी पुढे तीस वर्षं करार संपलेल्या खेळाडूसाठीही नव्या क्लबने जुन्याला पैसे मोजायचे ही प्रथा चालूच होती. १९९० मध्ये बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉस्मनचा करार संपला, त्याच्या क्लबने पगार एक चतुर्थांशावर आणला आणि फ्रान्सच्या क्लबला जायचं म्हटलं तर बदलीचे पैसे मागितले. बदली फिसकटली. तो कोर्टात गेला, पाच वर्षं भांडला, आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपियन कोर्टाने सांगितलं, करार संपला की माणूस मोकळा. आज एखादा स्टार फुकटात रिअल माद्रिदला जातो आणि सही करायचेच कोट्यवधी घेतो, ते या माणसामुळे. त्याला स्वतःला काय मिळालं? कारकीर्द गेली, दारू लागली, हलाखीत दिवस काढले. फुटबॉलच्या देवघरात एक कोनाडा त्याचा पाहिजे.

बेल्ट की बेडी

आता फायटरचा करार बघा आणि ईस्टहॅम आठवा. त्यात एक कलम असायचं की करार संपताना तू विजेता असशील तर करार आपोआप वाढला. म्हणजे ज्या क्षणी तुझा भाव सगळ्यात जास्त, नेमका त्याच क्षणी तुला बाजारात जाता येणार नाही. दुसरं, दुखापत झाली किंवा दिलेली लढत नाकारली की तेवढे महिने कराराला जोडले जाणार, घड्याळच थांबतं. तिसरं, मुदत संपल्यावरही बाहेरून कुणी देऊ केलं तर तेवढेच देऊन यूएफसी तुला ठेवून घेऊ शकते.

यातून सुटलेला मोठा मासा म्हणजे फ्रान्सिस एन्गानू. कॅमेरूनचा, लहानपणी वाळूच्या खाणीत काम केलेला, सहारा ओलांडून स्पेनमार्गे पॅरिसला पोचला तेव्हा राहायला घर नव्हतं. मार्च २०२१ मध्ये हेवीवेट विजेता झाला. जानेवारी २०२२ मध्ये बेल्ट राखला त्या लढतीचं जाहीर झालेलं मानधन सहा लाख डॉलर. जगातल्या सगळ्यात धोकादायक माणसाला. पण तोवर करारांमध्ये पाच वर्षांनी सगळं संपेल अशी मुदत आली होती, हा गडी खटपट न करता ती मुदत संपेपर्यंत बसून राहिला आणि जानेवारी २०२३ मध्ये बेल्ट सोडून बाहेर पडला. त्याच्या मागण्या काय होत्या तर आरोग्य विमा, स्वतःचे प्रायोजक लावायची परवानगी, आणि कंपनीच्या बैठकीत फायटरांच्या बाजूने बोलणारा एक माणूस. ऑक्टोबर २०२३ मध्ये रियाधला टायसन फ्यूरी या नावाजलेल्या बॉक्सरशी बॉक्सिंग खेळला, तिसऱ्या राउंडमध्ये फ्यूरीला खाली बसवला, शेवटी दोन विरुद्ध एक पंचांनी हरला, आणि नंतर सांगितलं की या एका रात्रीत यूएफसीच्या अख्ख्या कारकिर्दीपेक्षा जास्त मिळाले. माणूस तोच, ठोसा तोच. फक्त गिऱ्हाईक दुसरं.

पण मॅकग्रेगर तर अब्जाधीशासारखा राहतो की

राहतो. एकटा. कॉनर मॅकग्रेगर म्हणजे यूएफसीतला सगळ्यात गाजलेला फायटर, प्रत्येक वेळी हे नाव पुढे येतं, जसं पोराने अभ्यास सोडला की सचिनचं उदाहरण देतात. आणि त्याचेच आकडे बघा, २०१६ मध्ये नेट डियाझशी दुसऱ्यांदा लढला तेव्हा जाहीर मानधन ३० लाख डॉलर, आणि तो तेव्हा यूएफसीतला विक्रम होता. पुढच्या वर्षी मेवेदर या बॉक्सरशी बॉक्सिंग, जाहीर मानधन ३ कोटी. दसपट. वरची कमाई दोन्हीकडे वेगळी. बॉक्सिंगमध्ये अमेरिकेत २००० सालचा मोहम्मद अली कायदा आहे, लढत भरवणाऱ्याने किती कमावले ते बॉक्सरला सांगावं लागतं, जाचक करारांना लगाम आहे. एमएमएला तो लागू नाही. लागू करायचा प्रयत्न झाला, संसदेत अडकला.

धंदा त्यांनीच उभा केला ना

हा आक्षेप मला पटतो, अर्धा. पहिली यूएफसी १९९३ मध्ये डेन्व्हरला झाली, नंतर सिनेटर जॉन मॅकेनने त्याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं, राज्यामागून राज्य बंदी घालत गेलं, न्यूयॉर्कने तर २०१६ मध्ये परवानगी दिली. २००१ मध्ये फर्टिटा बंधूंनी कंपनी घेतली ती फक्त २० लाख डॉलरला, आणि पहिली काही वर्षं नुसते पैसे ओतले. २००५ मध्ये रिॲलिटी शो आणला, त्याच्या फायनलला फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनर असे काही भिडले की अमेरिका टीव्हीसमोरून उठली नाही. ज्याने जोखीम घेतली त्याला नफा मिळावा, बरोबरच आहे. पण २०१६ मध्ये तीच कंपनी ४ अब्ज डॉलरला विकली गेली, आता डब्ल्यूडब्ल्यूईबरोबर टीकेओ नावाच्या मोठ्या कंपनीत आहे, शेअर बाजारात आहे. जोखमीची वसुली होऊन जमाना झाला. आणि त्या रात्री ग्रिफिन-बॉनरच्या नाकातोंडातून आलेलं रक्त, ती पण गुंतवणूकच होती की.

दुसरं कुणी म्हणतं फुटबॉल बघणारे जास्त म्हणून पैसा जास्त. अहो पण मी रकमेचं बोलतच नाहीये. कढई लहान-मोठी असू दे, वाढताना पळी कुणाच्या हातात आहे ते बघा.

मग युनियन का करत नाहीत

कारण एक तर कागदावर ते नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, ओला-उबरवाले असतात तसे. गणवेश कंपनी सांगेल तो, २०१५ मध्ये कपड्यांसाठी रीबॉकचा करार आला तेव्हापासून स्वतःच्या चड्डीवर स्वतःचा प्रायोजक लावायची सोय गेली, तरी म्हणे स्वतंत्र. दुसरं, फुटबॉलमध्ये अकरा जण एका ड्रेसिंग रूममध्ये बसतात, एक बस, एक जेवण, तिथे गप्पांतून संघटना उभी राहते. फायटर एकटा. ज्याच्याबरोबर संघटना करायची त्यालाच पुढच्या महिन्यात ठोकायचंय. तुम्ही लढत नाकारली तर रात्री अकरा वाजता फोन उचलणारा दुसरा कुणीतरी ब्राझीलमध्ये बॅग भरून तयार असतो.

प्रयत्न झाले. २०१६ मध्ये जॉर्जेस सेंट-पिएरसारख्या मोठ्या नावांनी एक संघटना जाहीर केली, हवेत विरली. २०१८ मध्ये लेस्ली स्मिथ नावाची फायटर फायटरांकडून युनियनसाठी सह्या गोळा करत होती. तिच्या करारातल्या शेवटच्या लढतीला समोरचीचं वजन भरलं नाही, लढत रद्द झाली, तर यूएफसीने तिला उभं राहायचे आणि जिंकायचे असे दोन्ही पैसे देऊन मोकळं केलं. न लढता पूर्ण पैसे! फक्त त्यानंतर ती यूएफसीत राहिली नाही.

कोर्टात काय झालं

डिसेंबर २०१४ मध्ये कुंग ले आणि आणखी काही फायटरांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. जवळजवळ दहा वर्षं चालला. २०२४ मध्ये ३३.५ कोटी डॉलरची तडजोड ठरली, तर न्यायाधीश बोलवेअर यांनी ती फेटाळली. मग ३७.५ कोटींवर आली, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये कायम झाली. २०१० ते २०१७ मध्ये लढलेल्या हजार-अकराशे जणांना त्यातून वाटा. वकिलांच्या अंदाजाने ३५ जणांना दहा लाख डॉलरच्या वर, पाचशेच्या वर लोकांना एक लाखाच्या वर. यातले बरेच जण आता चाळिशी-पन्नाशीत, डोक्याला मार लागलेले, गुडघे गेलेले, त्यांच्यासाठी हे खरंच मोठं आहे. पण हे झाले गेल्या हंगामाच्या उसाचे पैसे. झोनबंदी उठली का, तर नाही, २०१७ नंतरच्या फायटरांचा वेगळा खटला आहे आणि खरी लढाई तिथे आहे.

आणि नवीन टीव्ही करारात एक गंमत आहे जी कुणी फारशी बोलत नाही. आधी अमेरिकेत मोठ्या लढती पैसे भरून विकत घेऊन बघायला लागायच्या आणि बड्या विजेत्यांच्या करारात त्या विक्रीतला वाटा असायचा. आता सगळं पॅरामाउंटच्या वर्गणीत. प्रेक्षकाचं भलं झालं. पण विजेत्याचा वाटा आता कशातून मोजणार? विक्रीच नाही तर टक्केवारी कशाची.

फुटबॉल म्हणजे स्वर्ग असंही नाही

करार असणं आणि पैसे मिळणं यात अंतर असतं हे आपल्याकडच्या फुटबॉलवाल्यांना कुणी शिकवायला नको. २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग अशा नावाजलेल्या क्लबांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली, त्यांच्या जिवावर वाढलेली पोरं विखुरली. आणि जुलै २०२५ मध्ये देशातली सगळ्यात वरची लीग, आयएसएलच टांगणीला लागली, फेडरेशन आणि व्यावसायिक भागीदाराचा करार संपत आलेला, पुढचं ठरेना, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच थांबवले. बोली लावणारे दहा असून उपयोग नाही, त्यांच्या खिशात काहीतरी पाहिजे. इंग्लंडमध्येही बरी नावाच्या गावाचा क्लब २०१९ मध्ये लीगमधून बाहेर काढला गेला, सव्वाशे वर्षांच्या वरचा क्लब, पैसे संपले म्हणून.

तरी फरक राहतोच. क्लब बुडाला तर खेळाडू दुसऱ्या क्लबला जातो. वर एक चांगला नियम आहे, खेळाडू पैसे देऊन दुसऱ्या देशातल्या क्लबला गेला तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ वर्षांच्या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. नेमार २०१७ मध्ये २२.२ कोटी युरोला पॅरिसला गेला तेव्हा ब्राझीलच्या सांतोसला त्यातून वाटा गेला. ज्या तालमीत फायटर घडला तिला यूएफसी काय देते? महाराष्ट्राचा भरत कंदारे २०१७ मध्ये शांघायला लढला, यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय, हरला आणि विषय संपला. त्याला घडवणाऱ्यांपर्यंत अशी वाटच नाही.

एवढं सगळं ऐकून भाच्याने कप ठेवला. जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे मामा, आपला तो सेंटर फॉरवर्ड, जो या हंगामात जास्त पैसे मिळाले म्हणून पलीकडच्या पेठेत गेला, तो बरोबरच की. तो आपला बॉस्मन."

म्हटलं, बरोबर आहे. पण त्याचं नाव या घरात काढायचं नाही.